किर्शवासर की हिम्बेअरगाइस्ट?
जर्मनीच्या श्वार्त्सवाल्ड (म्हणजेच ‘ब्लॅक फॉरेस्ट’) भागात ही दोन्ही रंगहीन मद्ये गाळली जातात आणि युरोपीय नियमांनुसार दोन्हींत किमान 37.5 टक्के अल्कोहोल असावे लागते. घडण मात्र वेगळी आहे. किर्शवासरसाठी चेरी ठेचून आंबवतात व त्या आंबवणाचे ऊर्ध्वपातन करतात, त्यामुळे अल्कोहोल फळाच्याच साखरेतून येते आणि बियांमुळे कडू बदामाची छटा उतरते. रास्पबेरीत साखर इतकी कमी असते की ती आंबवणे परवडत नाही. म्हणून ती तयार अल्कोहोलमध्ये भिजवून मग त्याचे ऊर्ध्वपातन करतात, तेच हिम्बेअरगाइस्ट. त्याचा सुगंध अधिक मोहक आहे, हे मान्य. पण चवीची खोली मला किर्शवासरमध्येच जाणवते, आणि मूळ ‘ब्लॅक फॉरेस्ट’ केकला (आपल्या बेकऱ्यांतला बहुधा त्याविनाच असतो) तेच लागते.