गच्चीवरचा ठिबक संच : दिवाळी ते मे, वापरानंतरचा अनुभव

हा संच दिवाळीनंतर बसवला, तेव्हा त्याविषयी चांगले लिहिण्याचा विचार होता. आता तो विचार अर्धाच उरला आहे, कारण ड्रिपर, म्हणजे नळीवरची थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडे, सुटे मिळत नाहीत, संपूर्ण नळीच घ्यावी लागेल, असे सेवा केंद्राने कळवले आहे. आणि चार-पाच रुपयांच्या वस्तूसाठी साडेसहाशे मोजायची माझी तयारी नाही.

संचात टाकीचे पाणी ठरल्या वेळी सोडणारा टायमर, कुंड्यांपर्यंत जाणारी नळी आणि तिच्यावरचे ड्रिपर येतात. जानेवारीत टोमॅटोला तळाशी काळे, चिवट डाग पडू लागले आणि वांग्याच्या एकाच रांगेतील निम्मी झाडे तरारलेली, निम्मी खुरटलेली दिसू लागली. रोपवाटिकेने कॅल्शियमची फवारणी सुचवली. वास्तविक हा डाग बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नसल्याने पडत नाही. पाणी कधी भरपूर तर कधी तुटपुंजे मिळाले की मातीतले कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. शिवाय आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला धरणारा पांढरा, कॅल्शियमच्याच क्षारांचा थर पाहिलेला माणूस कॅल्शियम विकत आणणार नाही.

म्हणून प्रत्येक ड्रिपरखाली पातेली ठेवून पंधरा मिनिटे पाणी सोडले. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरने तेवढ्या वेळात 1 लिटर द्यायला हवे. टाकीजवळच्याने अर्धा लिटरही दिले नाही आणि शेवटच्याखाली भांड्याचा तळ जेमतेम झाकला गेला. तोवर माझा संशय टायमरवर होता, पण या चाचणीनंतर माझे मत पार बदलले. टायमर बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे आरपार भोक असलेला गोळा फिरवून पाणी सोडणारा असल्याने कमी दाबावरही पूर्ण उघडतो आणि वेळ चुकवत नाही. संचातील तीच एक वस्तू पैसे वसूल करणारी आहे.

खरा दोष ड्रिपरचा. ते दाब-नियंत्रित, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखेच पाणी देणारे आहेत आणि अशा ड्रिपरना साधारण 1 किलो दाब लागतो, म्हणजे पाण्याची दहा मीटर उंची. आमची टाकी कुंड्यांपासून जेमतेम दोन मीटर उंच आहे, बहुतेकांची तेवढीच असते, आणि तरीही खोक्यावर 'गच्चीच्या टाकीसाठी योग्य' असे ठळक अक्षरांत छापले आहे! त्यात हे ड्रिपर उघडता येत नाहीत. क्षार साचणारच, नागपूर जिल्ह्यातील काटोलकडच्या संत्रा बागायतदारांना ते विरघळवण्यासाठी ठिबकच्या नळ्यांना आम्ल देणे नवीन नाही. मी नळी रात्रभर लिंबूसताच्या पाण्यात बुडवून ठेवली, तेव्हा काही ड्रिपर मोकळे झाले, मात्र टोकाकडचे बंदच राहिले.

अखेर कॉटन मार्केट परिसरातील कृषी साहित्याच्या दुकानातून उघडता येणारे साधे ड्रिपर आणले आणि नळीचे दुसरे टोकही टाकीच्या वाहिनीला जोडून पाणी दोन्हीकडून येऊ दिले. मार्चमध्ये वांगी सावरली, टोमॅटोच्या नव्या फळांवर डाग आला नाही. एप्रिलपासून टोमॅटोची फुले गळत आहेत, पण तो राग संचावर काढणे अन्यायाचे होईल. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा, अशा हवेत फळ धरत नाही. सध्या भेंडी, गवार आणि चवळी यांवर आमचे भागते; सांबार (कोथिंबीर) मात्र या उन्हात लावूच नये.

पंप असेल त्यांनी संच घ्यायला हरकत नाही. टाकीवर भिस्त असेल तर टायमर तेवढा घ्यावा. मात्र विक्रेता तो सुटा देत नाही, हे मी विचारून पाहिले आहे.