गोल्डफिशच्या गाठीचं ऑपरेशन, बेळगावच्या टिळकवाडीतला दवाखाना

चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय.

आमच्या ओरांडा जातीच्या गोल्डफिशच्या पाठीवर वाटाण्याएवढी गाठ आली होती. डोक्यावरची बोंडं नव्हेत हां, ती त्या जातीचीच असतात, ट्यूमर म्हणून घाबरू नका. ॲक्वेरियमवाल्यानं नेहमीसारखं निळं औषध हातात टेकवलं, खरं त्यानं बुरशी जाईल, गाठ कशी जाणार सांगा की. ती वाढत वाढत टाकीतल्या दगडाला घासून रक्त यायला लागलं तेव्हा इथं फोन केला. काउंटरवरची पोरगी "मीनिगे आपरेशन्ना?" (माशाला ऑपरेशन?) म्हणून कन्नडमध्ये हसली, फॉर्मवर डॉग आणि कॅट सोडून रकानाच नाही, शेवटी पेनानं फिश लिहून घेतलं.

डॉक्टर मात्र लई माहितगार. गाठ वरच्यावर आहे, बोटानं हलते, म्हणून काढतो, पोटात असती तर हात लावला नसता असं सरळ सांगितलं. कोई माशांना कार्प पॉक्स म्हणून व्हायरसचं होतं, मेण सांडल्यासारखे डाग येतात, ते पाणी गरम झालं की बहुतेक आपोआप उतरतात, ते कापायचे नसतात हे पण त्यांनीच समजावलं.

ऑपरेशन काचेतनं बघू दिलं. भुलीचं औषध पाण्यातच घालतात, ट्रायकेन म्हणून पावडर असते, तिच्यानं पाणी आंबट होतं म्हणून खायचा सोडा पण घालतात. मासा आडवा झाला की ओल्या स्पंजच्या खाचेत ठेवला आणि तोंडात बारीक नळी धरून तेच पाणी सोडत राहिले, ते कल्ल्यांवरनं वाहत राहतं म्हणून तो बाहेर असून श्वास घेतो. असिस्टंटला एकच काम, कल्ल्याचं झाकण हलतंय का बघायचं, मंदावलं की साधं पाणी चालू. गाठीभोवतीचे चार-दोन खवले चिमट्यानं उपटले, ब्लेडनं गाठ काढली, रक्त कापसाच्या काडीनं दाबून धरलं, दोन टाके. मग एअरस्टोनच्या, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाच्या, पाण्यात सोडल्यावर आधी तिरका तिरका, मग सरळ.

दाजी म्हणाले दीडशेच्या माशाला एवढा खर्च कशाला, त्यांना मेलबर्नच्या लॉर्ट स्मिथ हॉस्पिटलची बातमी दाखवली, २०१४ साली जॉर्ज नावाच्या गोल्डफिशच्या डोक्यातला ट्यूमर काढला होता, पाऊण तास चाललं होतं म्हणे. गप्प बसले.

आता कापलेला स्टार. घरी काय करायचं याचा कागदच देत नाहीत. डबा हातात देताना एकानं टाके विरघळतील म्हणून सांगितलं, खरं माशाच्या अंगात ते नीट विरघळत नाहीत, दोन-तीन आठवड्यांनी काढावे लागतात, हे मी फोन करून डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं. न विचारणाऱ्यानं काय करायचं? आणि गाठ लॅबला पाठवायचे पैसे वेगळे, ते बिल हातात आल्यावर दिसलं. आधी सांगितलं असतं तर नाही म्हटलं नसतं.

खानापूर, निपाणीकडनं येणार असाल तर बॅटरीवरचा पंप आणि आपल्याच टाकीचं पाणी दुसऱ्या कॅनमध्ये भरून आणा, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आदल्या रात्रीपासून खायला घालू नका. आणि शनिवारी येऊ नका, कुत्र्यांच्या लशीची गर्दी असते, डबा खाली ठेवायलासुद्धा जागा मिळत नाही.