तयार नकाशांची सेवा: रेखाटन चोख, खोल्यांच्या नावांचा खुलासा अपुरा

अमेरिकी पद्धतीच्या घरांचे तयार नकाशे विकणाऱ्या एका सेवेकडून मी दुमजली घराच्या नकाशांचा संच घेतला. संचासोबत खोल्यांच्या नावांची चार पानी शब्दसूची मिळते. हे परीक्षण मुख्यतः त्या सूचीचे आहे, कारण भिंती आणि जिना कोणालाही ओळखता येतात. नवखा वाचक अडतो तो डेन, मडरूम, ग्रेट रूम, बोनस रूम अशा नावांपाशी. रेखाटनाबद्दल तक्रारीला जागा नाही. मापे ठळक आहेत आणि प्रत्येक दार कोणत्या बाजूला उघडते, हे कमानीच्या रेषेने नीट दाखवले आहे.

सूचीचा सर्वांत उपयोगी भाग संक्षेपांचा आहे. डब्ल्यू.सी. आणि डब्ल्यू.आय.सी. यांत एकाच अक्षराचा फरक असला, तरी पहिले म्हणजे न्हाणीघरातला शौचालयाचा बंदिस्त कोपरा आणि दुसरे म्हणजे आत शिरून वावरता येईल अशी कपड्यांची खोली. ‘लिन.’ म्हणजे चादरी-टॉवेल ठेवण्याचे कपाट. पावडर रूम हे नाव वाचून शृंगाराची खोली डोळ्यांपुढे येईल. अठराव्या शतकात केसांच्या टोपांना पावडर लावण्याच्या जागेवरून ते आले असले, तरी आज तिथे फक्त बेसिन आणि शौचालय असते. अंघोळीची सोय नसल्याने ती अर्धी बाथरूम धरली जाते आणि ‘2.5 बाथ’मधला अर्धा तिथून येतो, हे सूचीने छान उलगडले आहे. जॅक अँड जिल बाथ, म्हणजे दोन शयनकक्षांच्या मधले, दोन्हींकडून दार असलेले न्हाणीघर, हेही नेमके समजावले आहे. मडरूमचा अर्थ तर मला नकाशातूनच आधी कळला होता: गॅरेजच्या दारातून आत आल्याबरोबर भिंतीलगत एक अरुंद आयत काढलेला आहे, तो बसून बूट काढण्याचा बाक, आणि तिथून दोन पावलांवर कपडे धुण्याची खोली.

मोठ्या खोल्यांकडे वळल्यावर मात्र सूची ढिली पडते. ग्रेट रूमचा अर्थ तिने ‘प्रशस्त दिवाणखाना’ इतकाच दिला आहे. वास्तविक या नावात आकारापेक्षा नसलेली भिंत महत्त्वाची आहे, कारण बैठक, जेवणाची जागा आणि बहुधा स्वयंपाकघरही एकाच मोकळ्या जागेत येते आणि फोडणीचा वास व भांड्यांचा आवाज थेट पाहुण्यांपर्यंत पोहोचतो. बोनस रूमबाबतची उणीव याहून मोठी आहे. गॅरेजच्या वरची ही खोली उतरत्या छपराखाली असते. माझ्या नकाशात तिच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषा आहेत आणि त्यांच्यापाशी 5 फूट अशी नोंद आहे, म्हणजे रेषेपलीकडे छत त्याहून खाली येते. कागदावर ऐसपैस दिसणाऱ्या त्या खोलीत उभे राहण्याजोगा पट्टा मधलाच आहे, आणि सूचीत याबद्दल चकार शब्द नाही.

माझा खरा आक्षेप डेनवर आहे. पुढच्या दाराजवळची 10 फूट बाय 11 फुटांची ही खोली सूचीत ‘निवांत कामाची खोली, गरजेनुसार शयनकक्ष’ अशी नोंदवली आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्ये ज्या आदर्श निवासी संहितेवर आपले नियम बेततात, तिच्यात राहण्याच्या खोलीला किमान 70 चौरस फूट क्षेत्रफळ लागते आणि ते इथे सहज भरते. शयनकक्षाला भिंतीतले कपाट लागतेच, असा पुष्कळांचा समज आहे, पण ती संहितेची अट नाही. अट आहे ती संकटकाळी थेट बाहेर पडता येईल अशा खिडकीची किंवा दाराची, आणि अशा खिडकीची खालची कड जमिनीपासून 44 इंचांपेक्षा उंच चालत नाही. आग लागली असता घाबरलेल्या माणसाला तीवरून बाहेर चढता यावे आणि अग्निशामक दलाच्या जवानाला आत उतरता यावे, यासाठी ही मर्यादा आहे. डेनला एकच खिडकी असल्याने मी सेवेला पत्र लिहून खिडक्यांचा तक्ता मागवला. तो दोन दिवसांत आला, उत्तरही सौजन्याचे होते, पण तक्त्यात त्या खिडकीची कड 48 इंचांवर निघाली. ज्या खोलीला ‘गरजेनुसार शयनकक्ष’ म्हटले, तिथे खिडकी न बदलता कोणाला झोपवणे मला धोक्याचे वाटते, आणि इतकी गंभीर गोष्ट ग्राहकाने स्वतः विचारल्यावरच कळावी, हे मला मान्य नाही.

तरीही मी हा संच परत केलेला नाही, कारण रेखाटन प्रामाणिक आहे आणि सूचीने जे सांगितले नाही ते त्यातून वाचता येते. ही सेवा घेणाऱ्यांनी खिडक्यांचा तक्ता पहिल्याच पत्रात मागवावा आणि डेन, फ्लेक्स रूम (म्हणजे हव्या त्या कामाला वापरता येणारी खोली), बोनस रूम ही नावे दिसतील तिथे खिडकीची कड, छताची उंची आणि दारांची संख्या पाहूनच त्या खोलीत कोण राहणार ते ठरवावे. माझ्या डेनची खिडकी 6 इंच खाली घेण्याची दुरुस्ती मी नकाशात लिहून पाठवली आहे.