बोटुलिनम टॉक्सिन: काखेचा घाम, वण की केसगळती?

सुरकुत्यांसाठी ओळखलं जाणारं हे इंजेक्शन आता घाम, केलॉइड (जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा जाड वण), रोझेशिया (चेहऱ्यावर लाली आणणारा त्वचाविकार), टक्कल अशा कितीतरी तक्रारींवर अभ्यासलं जातंय. औषध एकच असलं तरी पुरावा मात्र सगळीकडे सारखा नाही, आणि निर्णय त्यावरच घ्यायला हवा.

सर्वांत भक्कम पुरावा काखेच्या घामाचा आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्यासाठी २००४ सालीच मान्यता दिली. तरीही सुरुवात ॲल्युमिनियम क्लोराइडच्या लोशनने करावी. ते रात्री, काख अगदी कोरडी करून लावायचं आणि सकाळी धुवायचं. ओलसर त्वचेवर लावलं तर आम्ल तयार होऊन आग होते, आणि अनेक जण याच चुकीमुळे ते सोडतात.

लोशनने भागलं नाही, तर टॉक्सिन. ओनाबोटुलिनम टॉक्सिनचा (याच औषधाचा ‘बोटॉक्स’ नावाने मिळणारा प्रकार) नेहमीचा डोस एका काखेत ५० युनिट, १ ते २ सेंमी अंतरावर १० ते १५ जागी, त्वचेच्या थरातच टोचून. त्याआधी आयोडीन लावून वाळवतात आणि वर स्टार्च भुरभुरतात; जिथे घाम येतो तिथे निळा-काळा डाग उठतो. ही चाचणी टाळली की कडेचा पट्टा सुटतो आणि ‘इंजेक्शन लागू पडलं नाही’ असं वाटतं. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण सहा-सात महिने टिकतो.

तळहातांचं गणित वेगळं. तिथे टोचणं फार दुखतं, बऱ्याचदा हाताचा मज्जातंतू बधिर करावा लागतो, आणि अंगठ्याची चिमटीतली ताकद काही आठवडे कमी होऊ शकते. शिवणकाम किंवा वाद्यवादन करणाऱ्यांना हे परवडणारं नाही. त्यांनी आधी आयन्टोफोरेसिस, म्हणजे पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार, पाहावा: साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून १५ ते २० मिलिॲम्पिअर प्रवाह, २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, फरक पडला की फेऱ्या कमी करायच्या. पेसमेकर असेल किंवा गर्भारपण असेल तर मात्र हा मार्ग नको.

वणांमागचा तर्क पटणारा आहे: स्नायू सैल पडला की जखमेच्या कडांवरचा ताण घटतो. त्यामुळे चेहऱ्यावरच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर विचार करता येईल. जुन्या केलॉइडवरचे अभ्यास लहान आहेत, डोसही एकसारखे नाहीत. तिथे ट्रायामसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनंच आधी घ्यावीत, त्वचा पातळ किंवा फिकी पडण्याचा धोका लक्षात ठेवून.

केसांच्या बाबतीत स्पष्टच सांगायला हवं: घाई नको. २०१० च्या प्राथमिक अभ्यासात पुरुषांच्या टाळूच्या स्नायूंत १५० युनिट दिले होते, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. रक्तपुरवठा वाढतो ही कल्पना आकर्षक असली, तरी अजून ती कल्पनाच आहे. टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल, आणि पुरुषांसाठी फिनास्टेराइडची १ मिग्रॅची गोळी, यांचा पुरावा कितीतरी मोठा आहे. मिनॉक्सिडिलच्या पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. तेव्हा घाबरून थांबू नये, निदान चार ते सहा महिने द्यावेत.

मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू अशक्त करणारा आजार) असेल किंवा टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर टॉक्सिन घेऊच नये. आणि प्रत्येक वेळी औषधाचं नेमकं नाव व युनिट लिहून घ्या: एका उत्पादनाचे ५० युनिट म्हणजे दुसऱ्याचे ५० नव्हेत.