मॉरिशसमधील निसर्गसंवर्धन: निधी किनाऱ्याजवळच्या बेटांना द्यावा की मुख्य बेटावरील जंगलाला?

मॉरिशसच्या मुख्य बेटावर चांगल्या स्थितीतले मूळ जंगल आता दोन टक्क्यांहून कमी उरले आहे. जैवविविधता कराराला १९९२ सालीच मान्यता देणाऱ्या पहिल्या काही देशांत मॉरिशसचा समावेश होतो, आणि त्यानंतर २००६ ते २०१५ व २०१७ ते २०२५ असे दोन राष्ट्रीय आराखडेही तिथे झाले. आराखड्यात सगळ्याच कामांना जागा मिळते. पैसा आणि माणसे देताना मात्र क्रम लावावा लागतो. सामाजिक निधी राखून ठेवणारी तिथली कंपनी असो, परदेशी न्यास असो किंवा तिथल्या मराठी समाजाचे एखादे मंडळ असो, निवड मुख्यतः दोन कामांमध्ये करावी लागते: किनाऱ्याजवळची छोटी बेटे पूर्ववत करणे, किंवा ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी उरलेले जंगल राखणे.

छोट्या बेटांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा राउंड आयलंडचा आहे. सुमारे २१५ हेक्टरांचे हे बेट मुख्य बेटाच्या उत्तरेला वीस-बावीस किलोमीटरवर आहे आणि तिथे उंदीर कधी पोचलेच नाहीत. मात्र माणसाने सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी झाडोरा इतका खाल्ला की उघडी पडलेली माती पावसाबरोबर समुद्रात वाहून गेली. मातीत राहणारा तिथला एक बोआ साप १९७५ नंतर कोणालाही दिसलेला नाही. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवल्यावर ताड-माडांची रोपे पुन्हा वर येऊ लागली आणि जगात केवळ तिथेच तग धरून राहिलेल्या सरड्या-पालींना आसरा मिळाला.

आग्नेय किनाऱ्यालगतच्या इल ओ एग्रेत या सुमारे २६ हेक्टरांच्या बेटावर १९९१ मध्ये उंदीर नाहीसे करण्यात आले. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवे केव्हाच नामशेष झालेली असल्याने २००० साली तिथे सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटांवरच्या जातीची महाकाय कासवे आणून सोडली गेली. ही कासवे तिथल्या एबनीची, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातल्या झाडाची, फळे गिळतात, बिया दूरवर टाकतात, आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या बियांची उगवण अधिक चांगली होते. हरवलेल्या प्राण्याचे काम दुसऱ्याकडून करून घेण्याचा हा प्रयोग माझ्या मते तिथल्या सर्व कामांत सर्वाधिक कल्पक आहे.

बेटावरचे काम एकदा झाले की संपते, असा समज मात्र करून घेऊ नये. फ्लॅट आयलंडवरचे उंदीर १९९०च्या दशकात हटवले गेले होते. पुढे २०१० च्या सुमारास तिथे चिचुंद्री शिरली आणि त्या बेटावरच टिकून राहिलेली नारिंगी शेपटीची साप-सुरळी तिथून नाहीशी झाली. ही जात आज उरली आहे ती केवळ तिचे काही जीव त्याआधी गनर्स क्वॉइन या बेटावर हलवले होते म्हणून. आपल्या मोरीच्या नळीतून घरात येणारी चिचुंद्री होडीतल्या सामानातूनही येऊ शकते, त्यामुळे उतरणाऱ्याचे बूट, पिशव्या आणि खाण्याचे डबे तपासण्याचा खर्च दरवर्षी धरावा लागतो. दुसरा धोका समुद्राचा. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज इल ओ एग्रेतजवळच्या प्रवाळ खडकावर रुतले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडले, तेव्हा बेटावरची रोपे, पक्षी आणि सरपटणारे प्राणी घाईने इतरत्र हलवावे लागले.

मुख्य बेटावरचे चित्र वेगळे आहे. १९९४ साली जाहीर झालेले ब्लॅक रिव्हर गॉर्जेस उद्यान साडेसहा हजार हेक्टरांहून थोडे मोठे आहे, पण त्यातला बराच भाग नावापुरताच मूळ जंगलाचा आहे. चिनी पेरू आणि प्रिव्हेट या बाहेरून आलेल्या वनस्पतींची झुडपे इतकी दाट वाढतात की त्यांच्या सावलीत मूळ झाडाचे रोप टिकत नाही. निवडक तुकड्यांना कुंपण घालून ही झुडपे हाताने उपटली जातात. कुंपणामुळे डुक्कर आणि डचांनी १६३९ मध्ये आणलेले जावाचे हरीण बाहेर राहते. माकड आणि उंदीर मात्र कुंपणाने अडत नाहीत, आणि माकडे कच्ची फळे तोडून टाकत असल्याने बी पिकण्याआधीच वाया जाते. निंदणी काही वर्षे थांबली की पेरू पुन्हा माजतो. शिवाय हा शत्रू लोकांच्या आवडीचा आहे: हिवाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे पठारावर जाऊन हे छोटे लाल पेरू तोडतात आणि मीठ-मिरची लावून खातात. सरसकट निर्मूलनाची भाषा करणाऱ्या आराखड्याला तिथे कोणी उभे करणार नाही. कुंपणातल्या तुकड्यांपुरते बोलणारा आराखडा चालू शकेल.

इतके अवघड असताना जंगलावर खर्च का करावा, याचे उत्तर पक्ष्यांमध्ये आहे. १९७४ मध्ये जंगलात मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याचे चारच जीव माहीत होते, आणि १९९०च्या सुमारास गुलाबी कबुतरेही दहाएकच उरली होती. जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि १९८४ साली स्थापन झालेले मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन यांनी पिंजऱ्यात पैदास, घरटी-पेट्या आणि खाद्यकेंद्रे यांच्या जोरावर दोघांनाही शेकड्यांत नेले. पण केस्ट्रेलची संख्या पुढे पुन्हा घसरली आणि २०१४ मध्ये या पक्ष्याला धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत परत संकटग्रस्त गटात टाकावे लागले. पक्षी वाढवता येतो. त्याला राहायला धड जंगल नसेल तर खाद्यकेंद्र कायमचे चालवावे लागते. हे जंगल छोट्या बेटांवर हलवता येत नाही, कारण ओलसर डोंगरी वृक्ष तिथल्या कोरड्या, खारट वाऱ्यात वाढत नाहीत.

म्हणून निर्णय घेणाऱ्याने जागेआधी आपला पैसा किती वर्षे टिकेल हे पाहावे, असे माझे मत आहे. दोन-तीन वर्षांचा ठोक निधी असेल तर तो छोट्या बेटावर लावावा. एकरकमी खर्चातून तिथे मोठा टप्पा गाठता येतो, फक्त तपासणीची रक्कम सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावी. दहा-पंधरा वर्षे थोडा थोडा पैसा देण्याची तयारी असेल, तर लहानच पण कुंपण घातलेला एक जंगल-तुकडा दत्तक घ्यावा आणि करारात कुंपण उभारणीपेक्षा निंदणीच्या मजुरीला मोठा वाटा द्यावा. तीन वर्षांच्या निधीतून कुंपणे उभारण्याचा मोह टाळलेलाच बरा, कारण निंदणीविना ते कुंपण चिनी पेरूचीच राखण करते.

दोन्हींत बसणारा आणखी एक खर्च आहे. लिचीच्या बागायतदारांच्या तक्रारींवरून २०१५ पासून सरकारी मोहिमांमध्ये हजारो फळवटवाघुळे मारली गेली आणि २०१८ मध्ये ही जात संकटग्रस्त ठरली. मूळ जंगलातल्या मोठ्या बिया दूर नेणारे फार थोडे प्राणी तिथे उरले आहेत, त्यांत हे वटवाघूळ प्रमुख आहे. परसातल्या झाडावर जाळी बसवण्यासाठी दिलेले अनुदान तुलनेने स्वस्त पडते, आणि जंगल-तुकड्याच्या कराराबरोबर ते जवळच्या गावांना देता येते.