तरंगणारं ग्राफाइट, बिस्मथ की नुसती द्राक्षं? सायन्स एक्झिबिशनसाठी काय घ्यायचं

डिसेंबर-जानेवारी आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत शाळांच्या एक्झिबिशनचा सीझन, आणि ज्वालामुखीला कंटाळलेल्या पोरांना हल्ली चुंबकापासून लांब सरकणारी वस्तू दाखवायची असते, म्हणजे डायामॅग्नेटिक, पुस्तकात प्रतिचुंबकीय. आयडिया छान आहे, पण हा धक्का फार म्हणजे फारच कमजोर असतो, त्यामुळे सामान चुकलं तर टेबलावर काहीच दिसत नाही आणि आईबाबांनाच समजावत उभं राहावं लागतं.

आधी तांब्याचं सांगतो कारण गडबड इथेच होते. तांब्याच्या पाइपात मॅग्नेट सोडला की तो हळूहळू खाली येतो, बघायला भारी, पण तो प्रतिचुंबकीयपणा नाही, हलत्या मॅग्नेटमुळे पाइपात करंट फिरतो आणि त्याचा ब्रेक लागतो. मॅग्नेट नुसता धरून ठेवला की सगळं शांत. परीक्षक फिजिक्सचे असतील तर पहिला प्रश्न हाच विचारतील. तांबं डायामॅग्नेटिक आहे खरं, पण जेमतेम पाण्याइतकंच.

हा धक्का पाण्याचा १ धरला तर बिस्मथ या धातूचा साधारण १८ आणि पायरोलिटिक ग्राफाइटचा, म्हणजे कारखान्यात थरावर थर नीट रचून बनवलेल्या ग्राफाइटचा, ४० च्या वर, तेही मॅग्नेटचं फील्ड त्याच्या थरांना आरपार असेल तर. पण खरी मजा वजनात आहे. बिस्मथ पाण्याच्या जवळपास १० पट जड, ग्राफाइट फक्त दुपटीच्या थोडं वर. म्हणून ग्राफाइटचा पातळ तुकडा स्वतः तरंगतो आणि बिस्मथ नाही तरंगत.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने ग्राफाइटच घ्यावं. चार चौकोनी निओडिमियम मॅग्नेट (छोटे पण फार ताकदवान), वरची बाजू आलटून पालटून उत्तर-दक्षिण, त्यावर नखाएवढा पातळ तुकडा, मिलिमीटरभर वर उभा राहतो, ना बॅटरी ना वायर. ऑर्डर करताना पायरोलिटिक असं स्पष्ट बघून घ्या, साधं ग्राफाइट त्यापुढे बरंच कमजोर पडतं. जपानमध्ये २०१२ साली लेझरने एका कडेला गरम करून असा तुकडा सरकवून दाखवला होता, गरम झालेल्या बाजूचा धक्का कमी होतो म्हणून, पण शाळेत लेझर नको, समोर पोरांचे डोळे असतात.

बिस्मथ थोडं चिकाटीवाल्यांसाठी. १७७८ मध्ये ब्रुगमान्स या डच शास्त्रज्ञाला ही गोष्ट याच धातूत दिसली, त्यावरचं इंग्लंडच्या मायकेल फॅरेडेचं काम १८४५ चं, त्यामुळे पोस्टरला इतिहास आयता मिळतो. दोऱ्याला टांगलेला तुकडा मॅग्नेट जवळ नेला की लांब जातो, एवढं पुरे. वर मोठा मॅग्नेट आणि दोन बिस्मथच्या ठोकळ्यांमध्ये छोटा मॅग्नेट अधांतरी ठेवायचा सेटअपही होतो पण उंची अगदी नेमकी लागते आणि गर्दीत टेबलाला धक्का बसला की संपलं. बिस्मथ २७१ डिग्रीला वितळतं, थंड होताना रंगीत क्रिस्टल्स येतात, ते बघायला पोरं जास्त गर्दी करतात हे वेगळंच. वितळवताना मोठं माणूस हवंच, आणि ते भांडं परत स्वयंपाकाला नको.

वेळच नसेल तर द्राक्षं, जानेवारीत गावदेवी मार्केटात सहज मिळतात. स्ट्रॉच्या दोन टोकांना दोन लावून मधोमध दोऱ्याने टांगायचं आणि मॅग्नेट जवळ धरायचा, द्राक्षातलं पाणी लांब ढकललं जातं आणि स्ट्रॉ हळूच फिरतो. खर्च नगण्य, पण हॉलमधला पंखा चालू असेल तर कोण कशामुळे फिरतंय कुणालाच कळणार नाही, वरती पारदर्शक डबा ठेवा. सोबत १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये तरंगवलेल्या बेडकाचा फोटो लावा, त्याच्यातल्या पाण्यानेच तो उचलला गेला, फक्त फील्ड लागलं १६ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकीय फील्ड मोजायचं एकक) आसपास, आपल्या मॅग्नेटच्या कितीतरी पट.

सुपरकंडक्टरचा, म्हणजे खूप थंड केल्यावर मॅग्नेटवर जोरात तरंगणाऱ्या पदार्थाचा, हट्ट कुणी धरला तर नाही म्हणा. त्याला उणे १९६ डिग्रीचा लिक्विड नायट्रोजन लागतो, शाळेच्या टेबलावर ते काम नाही.

मॅग्नेट मात्र तिन्हीकडे तेच, आणि ते खेळणं नाही. दोन एकमेकांवर आपटले की बोट चेमटतं, लहान भावंडाने गिळले तर ऑपरेशनची वेळ येते, आजोबांना पेसमेकर असेल तर त्यांच्या जवळ नको. ठाणे-वाशी लोकलने नेणार असाल तर लाकडी डब्यात मधे जाड स्पंज घालून न्या, आणि पट्टीवालं कार्ड त्याच सॅकमध्ये ठेवू नका.