टी-रेग रंगवायचा किट: काम चोख, पत्रक कच्चं

वर्ष झालं, हाच किट वापरतेय. आमच्याकडे निरोगी माणसांचं रक्त येतं, विशीतल्यांचं आणि सत्तरीतल्यांचंही. त्यातल्या नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला दाबून आवरात ठेवणाऱ्या टी-रेग, मोजायच्या. सीडी४ पेशींमध्ये, म्हणजे सीडी४ ही खूण असलेल्या टी पेशींमध्ये, त्या जेमतेम ५ ते १० टक्के. त्यांची खूण फॉक्सपी३ हे प्रथिन, तेही पार केंद्रकात बसलेलं. पेशी आधी फिक्स करा, म्हणजे रसायनाने आहेत तशा पक्क्या करा, मग पटलाला भोकं पाडा, तेव्हा कुठे खूण पकडणारी रंगीत अँटिबॉडी आत शिरते. किटचं काम या भोकांचं.

ते तो छान करतो. सोबत सीडी४५आरए (थोडक्यात आरए, कोऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरची खूण) लावलं की मियारा-साकागुची या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलेले तीन गट फ्लो सायटोमीटरच्या प्लॉटवर, जिथे एक पेशी म्हणजे एक ठिपका, उतरतात. आरए असलेल्या, फॉक्सपी३ मंद अशा विश्रांत पेशी. आरए गेलेल्या, फॉक्सपी३ झगझगीत अशा सक्रिय. आणि आरए नसलेल्या पण फॉक्सपी३ मंदच अशा तिसऱ्या, ज्यांना दाबण्याचं काम फारसं जमत नाही. तरुण डोनरचा पहिल्या गटाचा ठिपक्यांचा ढग भरगच्च, सत्तरीतल्याचा विरळ. टी पेशी घडवणारी थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसते, कोऱ्या पेशींची आवक आटते. नुसती एकूण टक्केवारी बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

आता तक्रार. पत्रकात फिक्सिंगला अर्धा तास पुरे म्हटलंय. मीही मुकाट्याने तेवढाच देत होते. मग एकदा एकाच रक्ताच्या दोन ट्यूब केल्या, एक अर्ध्या तासाची, एक तासाची. अर्ध्या तासाच्या ट्यूबमध्ये मंद पेशी सरळ निगेटिव्हमध्ये, म्हणजे फॉक्सपी३ नसलेल्या पेशींत, मिसळून गेलेल्या! ही गळती सगळ्यांना सारखी लागत नाही. विश्रांत पेशी तरुणांतच जास्त, म्हणून आकडा त्यांचाच जास्त घसरतो आणि म्हातारे-तरुण उगाच जवळ येतात. जुन्या ट्यूबचे आकडे मी बाद केले. जिवावर आलं, पण केले.

दुसरं, भोकं पाडल्यावर पेलेट, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तळाशी बसलेला पेशींचा गोळा, काचेसारखा पारदर्शक होतो. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांचा अख्खा नमुना मी बेसिनमध्ये ओतला. ट्यूबच्या तळाशी काही आहे असं दिसलंच नाही. या टप्प्यानंतर स्पिन वाढवा, आणि ओतू नका, पिपेटने ओढा. पत्रकात याबद्दल चकार शब्द नाही.

पाचपैकी चार तारे. पेशी जिवंत हव्या असतील तर मात्र हा किट नकोच, फिक्स झाल्या की त्या संपल्या. तिथे सीडी२५ जास्त, सीडी१२७ कमी (दोन्ही पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा) असा गेट, म्हणजे निवडीची चौकट, लावून पेशी वेगळ्या काढा.